नळ कोरडा, दिवा बंद? कागद मागा!

वीज गेली की आपण आधी काय करतो? गॅलरीत जातो आणि समोरच्या इमारतीत दिवे आहेत का ते पाहतो. तिथेही अंधार असेल तर जीव भांड्यात पडतो. सगळ्यांचीच गेली आहे, येईल थोड्या वेळाने! पण समोर झगझगाट आणि आपल्याच घरात काळोख असेल, तर मात्र छातीत धस्स होतं. पाण्याचंही तसंच. शेजारच्या सोसायटीची टाकी भरून वाहते आहे आणि आपल्या नळातून नुसती हवा येते आहे, अशा वेळी मनात एकच प्रश्न येतो: ‘आमचंच का?’

हा प्रश्न आपण कुणाकुणाला विचारतो, आठवून पाहा. आधी वॉचमनला, मग सोसायटीच्या सेक्रेटरीला, मग रस्त्यावर चावी फिरवायला येणाऱ्या पालिकेच्या माणसाला. तो म्हणतो, ‘वरून ऑर्डर आहे.’ वॉर्ड ऑफिसात फोन केला तर ‘साहेब साइटवर गेलेत.’ शेवटी टँकर मागवायचा, त्याचे पैसे वर्गणी काढून द्यायचे, आणि धुणं-भांडी उरकून कपाळावरचा घाम पुसायचा. ‘वरून’ म्हणजे कुठून, हे काही शेवटपर्यंत कळत नाही.

मैत्रिणींनो, हे ‘वरून’ म्हणजे काही आकाश नव्हे. महानगरपालिकेने एखादी जलजोडणी तोडली, पुरवठ्याची वेळ बदलली, एखाद्या इमारतीचे पाणी बंद करायला सांगितले, की त्याचा कुठेतरी कागद होतो. त्यावर कुणाची तरी सही असते, तारीख असते. तो कागद पाहण्याचा, त्याची प्रत घरी आणण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने दिलेला आहे. खर्च किती? अर्जाला दहा रुपये आणि प्रतीच्या एका पानाला दोन रुपये. कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा काही फार महाग नाही!

हा हक्क आला कुठून?

माहितीच्या अधिकाराचा कायदा दिल्लीतल्या मोठ्या साहेबांना आपणहून सुचला, असे मुळीच नाही. राजस्थानातल्या खेड्यांत रोजगाराच्या कामावर राबणाऱ्या बायका-पुरुषांना मजुरी पुरती मिळेना. ‘हजेरीपट दाखवा,’ म्हणून त्यांनी हट्ट धरला. अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९६ साली ब्यावर गावात चाळीस दिवस धरणे धरले. आमचा पैसा, तर हिशेबही आम्हालाच दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. महिन्याच्या शेवटी दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना ती चटकन पटावी.

आपल्या महाराष्ट्रात यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले. ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांचे उपोषण सुरू असतानाच राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे संसदेने सबंध देशासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे लागू झाला.

पाण्यासाठी भांडण्याची परंपरा तर आपल्या उपनगरांतल्या बायकांचीच आहे. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ साली महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी अशा काही झगडल्या, की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचे नाव पडले. १९७२ साली महागाईविरुद्ध त्यांनी आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. तुमच्यापैकी कित्येकींच्या आई-सासूबाई त्या मोर्चांत असतील. त्या वेळी फाईल उघडून दाखवा म्हणण्याची सोय नव्हती. मोर्चा हाच मार्ग होता. आज ती सोय आहे आणि तीच आपण वापरत नाही!

सांताक्रूझला कुणाकडे जायचे?

अर्ज करण्याआधी आपले पाणी आणि वीज कोण देते, हे नीट समजून घ्या. इथेच पुष्कळांची गल्लत होते.

पाणी महानगरपालिकेचे. सांताक्रूझ पूर्व, म्हणजे वाकोला, कलिना, प्रभात कॉलनीचा भाग एच/पूर्व विभागात येतो. त्याचे कार्यालय प्रभात कॉलनीतच आहे. सांताक्रूझ पश्चिम मुख्यतः एच/पश्चिम विभागात, आणि ते कार्यालय वांद्र्याला. पाण्याचे काम विभागातल्या सहाय्यक अभियंता (जलकामे) यांच्याकडे असते. महापालिका हे ‘सार्वजनिक प्राधिकरण’ आहे, त्यामुळे पाण्याबद्दलचा अर्ज थेट तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा.

विजेची गोष्ट थोडी निराळी. मुंबई शहरात बेस्टची वीज आहे, भांडुप-मुलुंडला महावितरणची. या दोन्ही सार्वजनिक संस्था असल्यामुळे त्यांच्याकडे सरळ माहिती मागता येते. सांताक्रूझला मात्र पूर्वीपासून बीएसईएसची वीज. १९२९ साली स्थापन झालेली ही कंपनी पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ पासून तो कारभार अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. काही घरांत टाटा पॉवरचीही वीज असते. या खासगी कंपन्या. ‘आम्हाला हा कायदा लागू नाही,’ असे उत्तर त्यांच्याकडून येऊ शकते.

मग हात चोळत बसायचे का? नाही. कायद्यातच एक खिडकी ठेवलेली आहे. खासगी संस्थेची जी माहिती एखाद्या सरकारी संस्थेला दुसऱ्या कायद्याखाली मागवता येते, तीसुद्धा या कायद्याने ‘माहिती’च ठरते. वीज कंपन्यांवर देखरेख करते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. तेव्हा अर्ज त्या आयोगाच्या माहिती अधिकाऱ्याकडे करायचा.

पत्ता चुकला तरी घाबरू नका. अर्ज भलत्याच सरकारी कार्यालयात गेला, तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून तो परत तुमच्या हातात देता येत नाही.

‘का’ विचारू नका, ‘कोणता कागद’ ते विचारा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बरं का. आपल्या मनातला प्रश्न असतो, ‘आमचे पाणी का तोडले?’ पण अर्जात तो असाच लिहिला, तर उत्तर न मिळण्याची शक्यता फार. या कायद्याखाली मिळते ती कार्यालयात नोंदवलेली, कागदावर किंवा संगणकावर असलेली माहिती. अधिकाऱ्याने नव्याने खुलासा करावा, ‘का’चे उत्तर द्यावे, असे बंधन त्याच्यावर नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली हे स्पष्ट केले आहे.

म्हणून ‘का’ची फोड करायची. सबंध नारळ तोंडात घालता येत नाही. फोडून, खवून घ्यावा लागतो. ‘पाणी का तोडले’ याऐवजी ‘तोडण्याच्या आदेशाची प्रत द्या’ असे लिहा. ‘आम्हाला कळवले का नाही’ याऐवजी ‘नोटिशीची आणि ती बजावल्याच्या पोचीची प्रत द्या’. ‘माझ्या तक्रारीचे काय झाले’ याऐवजी ‘अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्या’. नोटीस बजावलेलीच नसेल, तर तसे लेखी उत्तर येईल. पुढच्या भांडणात ते कोरे उत्तरच तुमचा सर्वात भक्कम पुरावा ठरते!

शिवाय कायद्याच्या कलम ४ मध्ये असेही म्हटले आहे, की प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाची झळ बसणाऱ्यांना कार्यालयाने आपणहून द्यावीत. तुमच्या नळावर निर्णय झाला असेल, तर झळ तुम्हालाच बसली आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

अर्जाचा नमुना

महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ठरलेला आहे. त्याला जोडपत्र ‘अ’ म्हणतात. साध्या कागदावर हाताने लिहिला तरी चालतो. नाव, पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, माहितीचे वर्णन, प्रती टपालाने हव्यात की स्वतः येऊन घेणार, एवढेच लिहायचे. २०१२ पासून राज्याच्या नियमांत आणखी दोन अटी आल्या: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांच्या आत. म्हणजे पाणी आणि कचरा एकाच अर्जात घालू नका. मजकूर साधारण असा करा:

‘विषय: आमच्या इमारतीचा पाणीपुरवठा बंद केल्याबाबत. जलजोडणी क्रमांक अमुक. कालावधी: अमुक तारखेपासून आजपर्यंत.
१) पुरवठा बंद वा कमी करण्याच्या आदेशाची प्रत, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासह.
२) त्यापूर्वी दिलेल्या नोटिशीची व तिच्या पोचीची प्रत.
३) या जोडणीच्या थकबाकीच्या नोंदीची प्रत.
४) आमच्या तक्रार क्रमांक अमुकवरील कार्यवाहीच्या नोंदींची प्रत.
५) आमच्या रस्त्यावरील पाणी सोडण्याच्या व बंद करण्याच्या वेळांच्या नोंदींची प्रत.
६) हे सर्व अभिलेख पाहण्यासाठी दिवस व वेळ कळवावी.’

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि त्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. जाणे जमत नसेल, तर रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. राज्य सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. त्यासाठी घरातल्या कॉलेजकुमाराला कामाला लावा! दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना पुरावा जोडल्यास अर्जाचे शुल्क माफ आहे.

सहावा मुद्दा क्षुल्लक समजू नका. फाईल समोर बसून पाहता येते, टिपणे घेता येतात. कधी कधी मागितलेल्या चार कागदांपेक्षा शेजारचा पाचवाच कागद कामाचा निघतो.

घड्याळ कसे चालते?

अर्ज पोचल्यापासून तीस दिवसांत उत्तर यायला हवे. मुदतीत माहिती दिली नाही, तर नंतर ती फुकट द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करायचे. त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. हा अधिकारी हुद्द्याने वरचा असतो. त्याने तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा. त्यानेही समाधान झाले नाही, तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला आयोग दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड करू शकतो, आणि हा दंड त्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. आयोगाकडे अपिलांचा ढीग मोठा आहे, तिथे पुष्कळ वाट पाहावी लागते. म्हणून खरा जोर पहिल्या अर्जावर आणि पहिल्या अपिलावर द्या. अर्ज इतका नेमका लिहा, की नाही म्हणायला जागाच उरू नये.

आणखी एक. हा अर्ज केला म्हणून त्याच दिवशी नळाला पाणी येत नाही. तो तक्रारीच्या बरोबरीने करायचा, तक्रारीऐवजी नव्हे. पालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून ठेवा, आणि मग त्या क्रमांकाचे काय झाले ते अर्जात विचारा. भाजीला फोडणी आणि भाजी दोन्ही लागतात ना, तसे!

विजेचे बिल थकले असेल तर

विजेच्या बाबतीत काही नियम प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असावेत. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे बिल थकले तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आणि दोन वर्षांपूर्वीची एखादी रक्कम, जी मधल्या बिलांत थकबाकी म्हणून सतत दाखवलेलीच नाही, अचानक उकरून काढली, तर तिच्यापायी वीज तोडता येत नाही. तक्रारीसाठी कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल.

इमारत ‘धोकादायक’ ठरली तर

सांताक्रूझला जुन्या इमारती पुष्कळ. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. एखादी इमारत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक आणि तातडीने पाडण्याजोगी ठरली, की पालिका ती रिकामी करण्याची नोटीस काढते आणि पुढे तिचे पाणी-वीजही तोडले जाते. एका सकाळी स्वयंपाकघर बंद! म्हातारी माणसे, मुलांच्या परीक्षा, सामान हलवायला जागा नाही. जिच्यावर ही वेळ येते तिलाच त्याचे दुःख कळते.

इथे कागदांची किंमत फार मोठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली अशा इमारतींसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मालकाच्या तज्ज्ञाचा अहवाल एक सांगतो आणि रहिवाशांच्या तज्ज्ञाचा दुसरेच, असे झाले तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जायला हवे. म्हणून अर्जात मागा: तपासणी अहवालाची प्रत, कोणत्या चाचण्या झाल्या त्यांची नोंद, ‘सी-१’ ठरवणाऱ्या आदेशाची प्रत, समितीच्या बैठकीचे इतिवृत्त. मात्र इथे तीस दिवस थांबायला सवड नसते. अर्जाबरोबरच वकिलाचा सल्ला घ्या.

आणि मैत्रिणींनो, अहवाल खरोखरच ‘खांब सडले आहेत’ म्हणत असेल, तर तेही डोळे उघडे ठेवून वाचा. नळासाठी भांडताना डोक्यावरच्या स्लॅबकडे दुर्लक्ष नको. कागद मागायचा तो खरे काय ते कळावे म्हणून. आपल्याला हवे तेच त्यात निघेल, असे नाही.

तुम्ही विचाराल...

‘बिल यांच्या नावावर आहे, किंवा सोसायटीच्या. मी अर्ज करू शकते?’ अहो, जरूर! अर्ज करायला भारताची नागरिक असणे पुरे. बिल कुणाच्या नावावर आहे, याच्याशी संबंध नाही. उलट सोसायटीच्या लेटरहेडवर करण्यापेक्षा एका व्यक्तीच्या नावाने केलेला अर्ज बरा.

‘माहिती कशाला हवी, असं विचारलं तर?’ कारण सांगण्याचे बंधन नाही. कायद्यातच तसे लिहिले आहे. हसतमुखाने, पण ठामपणे सांगा.

‘घरमालकाने किंवा सोसायटीनेच पाणी तोडलं असेल तर?’ घरमालकाला भाडेकरूचे पाणी, वीज अशा सोयी तोडण्याची मनाई महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. त्यासाठी न्यायालयात दाद मागायची. सोसायटीकडे हा अर्ज सरळ चालत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सहकारी संस्थांना सरसकट ‘सार्वजनिक प्राधिकरण’ मानायला नकार दिला. पण सहकारी संस्थांचे उपनिबंधक सरकारी अधिकारी आहेत. त्यांच्याकडे असलेले सोसायटीचे कागद मागता येतात.

‘शेजारच्या सोसायटीचं बिल मागू का?’ नको. दुसऱ्याच्या खासगी माहितीच्या वाटेला गेलात, की अर्ज नाकारायला निमित्त मिळते. पाणी सोडण्याच्या वेळा मागा. त्या सगळ्या रस्त्याच्या असतात.

रस्त्यापलीकडचा नळ

शेवटी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. तुमच्याकडे कामाला येणारी बाई कधी उशिरा आली, तर पुष्कळदा कारण पाणीच असते. कित्येक वस्त्यांत आजही हंडे घेऊन दूरवर जावे लागते किंवा पाणी विकत घ्यावे लागते. वस्ती अमुक सालानंतरची, म्हणून तिला नळ नाही, असे सरकारी धोरण वर्षानुवर्षे होते. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध याचिका केली, आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ साली महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरणही जाहीर केले.

पण धोरण आणि नळ यांच्यामध्ये अर्ज, कागदपत्रे, ना-हरकत आणि हेलपाटे यांचा मोठा रस्ता आहे. ‘तुमचा अर्ज नामंजूर’ एवढे तोंडी सांगून तिला परत पाठवले, तर ती कुणाला विचारणार? तुम्हाला लिहिता येते. दुपारचा चहा तिला द्या, तिच्या जोडणीच्या अर्जाचा क्रमांक विचारा आणि तिच्या नावाने चार ओळी लिहून द्या: ‘माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची आणि नामंजुरीच्या आदेशाची प्रत मिळावी.’ सही किंवा अंगठा तिचा.

आणि स्वतःच्या घरासाठी एवढे कराच. रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक ठेवता त्या कप्प्यात आणखी एक फाईल ठेवा. तिच्यात पाण्याच्या आणि विजेच्या बिलांच्या प्रती, जोडणीचा क्रमांक, तक्रारींचे क्रमांक आणि तारखा, टँकरच्या पावत्या लावून ठेवा. चार-सहा कोर्ट फी स्टॅम्पही आणून ठेवा. पाणी गेल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा ते असताना, या रविवारीच, हे काम उरकून टाका.